माझी हबशीण आई

सोलापुरात आमचं घर शोधायला कुणाला नाव विचारावं लागत नसे. "हबशिणीचं घर कुठं?" म्हटलं की गिरणीच्या भोंग्यापासून रेल्वे लाइनीपर्यंत कुणीही बोट दाखवायचं. ती हबशीण म्हणजे माझी आई.

सोलापूरच्या उन्हात सगळेच काळे. पण आईचा काळा रंग निराळा होता. पाऊस पडून गेल्यावर रानातली माती दिसते तसा, आतून निळसर. केस इतके कुरळे की फणीचे दात मोडायचे. उंची अशी की गिरणीच्या फाटकातून बायकांचा लोंढा बाहेर पडला की तिचं डोकं आधी दिसायचं. ती रीळ खात्यात सूत गुंडाळायची. लुगडं कासोट्याचं, कपाळ मोकळं, कारण आम्ही ख्रिस्ती. वडील नगरकडचे, रेल्वेच्या लोकोशेडमध्ये फिटर. मिशनच्या शाळेत दोघांची गाठ पडली आणि तिथंच लग्न झालं, एवढं मला ठाऊक होतं. त्याच्या आधीचं आई कधी बोलत नसे.

लोकांनी आपापल्या परीनं ठरवून टाकलं होतं. कुणी म्हणायचं जंजिऱ्याची, कुणी म्हणायचं निजामाच्या वाड्यातून पळून आली. मी विचारलं तर आई भाकरी थापता थापता म्हणायची, "आले, ऱ्हायले. आनि काय सांगू?" वडिलांना विचारलं तर ते म्हणायचे, "तिचं तिला सांगू दे."

चाळीतल्या बायका पोरं झोपेनात की म्हणायच्या, "गप ऱ्हा, न्हायतर हबशीण धरून नेईल." भिंती पातळ. आम्हाला ऐकू यायचं. मला रडू यायचं, आई मात्र हसायची. "माज्या नावानं झोपत्यात तरी," म्हणायची.

मी बारा-तेरा वर्षांची असेन तेव्हाची गोष्ट. संक्रांतीचे दिवस होते, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरली होती. गिरणीला सुट्टी होती, पण इंजिनांना कुठली सुट्टी? वडिलांची भाकरी घेऊन आई आणि मी दुपारी स्टेशनावर निघालो. स्टेशन माणसांनी फुललं होतं. सिद्धेश्वराच्या मानाच्या काठ्यांची मिरवणूक बघून परत निघालेली खेडोपाड्यांची माणसं, त्यांची गाठोडी, नवे पाळणे, लाकडी घोडे, कढया. मुंबईकडं जाणारी गाडी फलाटाला लागली होती.

आम्ही गर्दीतून वाट काढत शेडकडं चाललो होतो. आई एकाएकी थांबली. मी तिच्या पाठीवर आदळले.

एक बाई एका लहान पोरीला हाताला धरून ओढत डब्याकडं नेत होती. पोर पाच-सहा वर्षांची. हातात नव्या बांगड्या, मुठीत रेवड्या. ती मुसमुसत होती आणि सारखी मागं वळून बघत होती. बाई मऊ आवाजात समजावत होती, "रडू नये बाळ. तुजी आई फुडं गाडीत बसलीया. तीच बोलावतीया तुला."

आईनं भाकरीचं गाठोडं माझ्या हातात दिलं आणि सरळ त्या बाईच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

"कुनाची पोर ही?"

"माझ्या बहिणीची," बाई म्हणाली. "सर बाजूला, गाडी सुटंल."

"नाव काय हिचं?"

बाईनं एक नाव सांगितलं. आई खाली वाकली आणि तिनं पोरीला तेलुगूत विचारलं, "नी पेरेंदि?" रीळ खात्यात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांच्या बायका पुष्कळ, त्यांच्याबरोबर बसून आईला तेलुगू येत होतं. पोरीचे डोळे मोठे झाले. आपली बोली ऐकून तिनं एका दमात आपलं नाव सांगितलं. ते नाव दुसरंच होतं. आणि मग ती "अम्मा, अम्मा" करत मोठ्यानं रडायलाच लागली.

आईनं तिचा दुसरा हात धरला.

तेवढ्यात तिकिटं घेऊन एक माणूस आला. धोतर, कोट, डोक्याला पटका. बघताक्षणी त्याच्या ध्यानात आलं काय चाललंय ते, आणि त्यानं एकदम आरडाओरडा सुरू केला, "अरे धरा, धरा! ही हबशीण आमची पोर पळवतीया!"

आणि लोकांनी ते खरं मानलं. मानणारच. एकीकडं चांगल्या कपड्यांतलं जोडपं, दुसरीकडं माझी आई. क्षणात आमच्याभोवती कडं झालं. कुणी आईचा दंड धरला, कुणी पदर. एका म्हाताऱ्यानं तिच्या मनगटावर काठी मारली. पोरगी रडतेय, ती बाई रडतेय, "माझ्या बहिणीला काय तोंड दाखवू" म्हणतेय. मी गाठोडं छातीशी धरून शेडकडं पळत सुटले.

वडिलांना घेऊन परत आले तोवर आई फलाटावर चक्क मांडी घालून खाली बसली होती. पोर तिच्या मांडीत, दोन्ही हातांची मिठी पोरीभोवती. चार जण ओढत होते, पण रोज दहा तास सूत ओढणारे हात होते ते. मनगट सुजलं होतं, अंबाडा सुटला होता. आणि ती ओरडत नव्हती. मला आजही त्याचंच नवल वाटतं. सगळं स्टेशन ओरडत होतं आणि ती शांत बसली होती.

हवालदार आला. वडील पुढं होऊन काही बोलणार, तर आईनं त्यांना हातानं थांबवलं.

"हवालदारसायब," ती म्हणाली, "मी चोर असंन तर मला बांधा. पळून जात न्हाय, माजा नवरा हितंच शेडमंदी कामाला हाय. पर पोर ह्या गाडीत चढवू नगा. गाडी जाऊ द्या. ही खरी मावशी असंल तर गाडी सोडंल, पोरीला सोडणार न्हाय. दुसऱ्या गाडीनं जाईल की. त्यात काय?"

हवालदारानं मिशीवरून हात फिरवला. त्याला पटलं असावं. तो त्या माणसाला म्हणाला, "बरोबर हाय की. ऱ्हावा तुमी. चौकीवर जाऊ, खरं-खोटं करू."

"आमची तिकिटं वाया जातील," तो माणूस म्हणाला.

"पोर मोठी का तिकीट?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. तिथून वारं फिरलं. दंडावरचे हात एकेक करून सुटले.

इंजिनानं शिटी दिली. गाडी हलली. त्या माणसानं बाईकडं बघितलं, बाईनं गाडीकडं. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दोघं धावत सुटली आणि हलत्या डब्याच्या दांड्याला लोंबकळून आत चढली. मावशीनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

हवालदार शिट्टी फुंकत चार पावलं धावला आणि थांबला. कुर्डुवाडीला तार केली, असं नंतर सांगितलं. ती दोघं सापडली की नाही ते आम्हाला कधी कळलं नाही. ज्या म्हाताऱ्यानं काठी मारली होती त्यानं पागोटं काढलं आणि तो आईच्या पुढं बसला. "माये, मला कळलं न्हाय गं," म्हणाला. आई म्हणाली, "काठी खाली ठेवा बाबा आनि मला उठायला हात द्या. पाय वळलं."

हवालदार म्हणाला पोर चौकीवर ठेवू, घरचे येतील शोधत. आई म्हणाली, "चौकीवर का? घरला न्हेते." आणि तिनं पोरीला कडेवर घेतलं. वडिलांनी भाकरी खाल्लीच नाही. रजा मागून तेही आले. आम्ही तिघं, बरोबर हवालदार, मागं रिकामटेकड्यांची रांग, अशी वरात विणकरांच्या पेठेत निघाली.

पेठेत शिरल्यावर आईनं पोरीला विचारलं, तुझं घर कसं आहे? पोर म्हणाली, आमच्या घरात माग आहे. त्या पेठेत माग नसलेलं घर दाखवा! प्रत्येक दारातून खटक-खटक येत होतं. बरं, आणखी काय? दारात सूत वाळत घातलंय. तेही सगळ्यांच्याच दारात, लाल, हिरवं, जांभळं. पोर बापडी खूण सांगायची आणि प्रत्येक बोळात तीच खूण. वडिलांना हसू आवरेना. आई मात्र गंभीरपणे दारोदार थांबून तेलुगूत विचारत होती.

शेवटी आम्हाला घर सापडलंच नाही, घरानं आम्हाला शोधलं. बोळाच्या तोंडाला एक बाई धावत आली, केस सुटलेले, पायात काही नाही. जत्रेत पाळण्यापाशी पोरीचा हात सुटला होता, तेव्हापासून ती मैदानभर फिरत होती. तिनं पोर बघितली आणि जागच्या जागी मटकन बसली. आई जवळ गेली, वाकली आणि पोरीला तिच्या पदरात ठेवलं. नुसती सोडली नाही, ठेवली. बाळंतिणीपुढं सुईण मूल ठेवते तशी.

त्या संध्याकाळी विणकरांच्या अंगणात आम्हाला जाऊच देईनात. पोरीच्या आजीनं आईच्या मनगटाला हळद लावली. अंगण माणसांनी भरलं. आणि त्या आजीनं विचारलं, "एवढ्या गर्दीत तुला कसं कळलं गं, की ही चोरलेली पोर आहे?"

आईनं मनगटावरची हळद सारखी केली. मग वडिलांकडं बघितलं. वडिलांनी मान डोलावली. आणि आईनं सांगायला सुरुवात केली, अर्धं तेलुगूत, अर्धं मराठीत. मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"मला बी असंच न्हेलं हुतं. 'तुजी आय बोलावतीया' म्हनून.

"आमचं गाव तळ्याकाठी. तळं म्हंजे तुमच्या शिद्धेश्वराच्या तळ्यावानी न्हवं. पल्याडचा काठच दिसायचा न्हाय असं. पर पानी गोडं. आमच्याकडं बी जोंधळाच पिकायचा. हितं आले तवा रानात जोंधळा बघितला आनि मला वाटलं, मी घरला आले. पाखरं लई पडायची. मी आनि माजा धाकटा भाऊ राखनीला बसलो हुतो. शेजारच्या गावची एक बाई आली, ओळखीची. म्हनली, तुमची आय तळ्यावर बोलावतीया. हातात खायाला दिलं. आमी गेलो. झाडीत बापे बसले हुते.

"भावानं एकाच्या हाताला कडाडून चावा घेतला आनि पळाला. मला धरलं. तो घरला पोचला का न्हाय, मला ठावं न्हाय. पर मी रोज धरून चालते की पोचला. लई पळायचा तो.

"मग चालनं. लई चाललो. मोठ्या बाप्यांच्या मानंत झाडाची बेचकी घातलेली, एकाची दुसऱ्याला बांधलेली. पोरांस्नी बांधत न्हवते. पोरं कुटं जानार? मी मागं वळून खुना ठेवायची. हितं वाकडं झाड, तितं लाल दगड. परत जायाचं हुतं की. पर चालता चालता खुना इतक्या झाल्या, की मागच्या पुसाय लागल्या. एक बाई माजा हात धरून चालायची. तिची बोली येगळी, माजी येगळी. एक दिवशी ती उठली न्हाय. तिथंच सोडली तिला.

"मग खारं पानी. गलबतात आमाला लाकडं रचत्यात तसं रचलं. वारं न्हाय, उजेड न्हाय. मग एक धुराचं जहाज आलं आमच्या मागं. गलबतवाले म्हनले, आता गोरे येतील, ते मानसं खात्यात. गोरे आले. त्यांनी गलबतवाल्यांस्नी धरलं, आमाला भात दिला. म्या खाल्लाच न्हाय. म्हनलं, ह्यास्नी मला लठ्ठ करून खायाचं हाय."

इथं अंगणात हशा पिकला. आईही हसली. पण आजी हसली नाही. तिनं विचारलं, "मग घरी नाही पाठवलं?"

"मुंबईला उतरवलं. एका सायबानं दुभाषा बसवून इचारलं, गाव कंचं? म्हनलं, तळ्याकाठचं. तो म्हनला, कंच्या तळ्याच्या? आता काय सांगू? आमाला एकच तळं ठावं. त्याला काय नावबी न्हवतं, तळंच म्हनायचो आमी. मग मिशनच्या बायकांकडं दिलं. त्यांनी शिकिवलं, खाऊ घातलं. बोली हळूहळू गेली माजी. एक शब्द तेवढा ऱ्हायला. आमच्यात आईला 'आमायी' म्हनत्यात. हितं आले तर सगळे 'माय, माय' करत्यात. म्हनून तो शब्द तेवढा गेला न्हाय."

ती त्या पोरीकडं बघून म्हणाली, "हातात रेवड्या आनि पोर खाईना. तवाच कळलं मला."

मी वडिलांकडं बघितलं तर ते ताठ बसले होते, मिशीला पीळ देत. एवढा अभिमान त्यांच्या तोंडावर मी त्याआधी बघितला नव्हता. साहेबानं फिटरची मुकादमी दिली तेव्हाही नाही. आणि मला तर वाटत होतं की पळत सुटावं आणि अख्ख्या सोलापूरला ओरडून सांगावं. इतकी वर्षं ज्या केसांची, ज्या रंगाची मला लाज वाटायची, तो रंग एवढा मुलूख तुडवून, एवढा समुद्र ओलांडून आला होता. तो रंग माझाही होता. घरी येताना मी आईचा हात धरला. एरवी त्या वयात आम्ही पोरी आईचा हात धरत नसू.

चाळीत बातमी आमच्या आधी पोचली होती. नंतर पोरांना भीती घालण्याची रीतही बदलली. "हबशीण धरून नेईल"च्या जागी बायका म्हणायला लागल्या, "चुकलास तर हबशिणीकडं जा, ती घरला आणून सोडंल." आणि हे नुसतं बोलणं राहिलं नाही. पुढच्या वर्षीपासून जत्रेत हरवलेली पोरं लोक आमच्याच ओट्यावर आणून बसवायला लागले. हवालदारसुद्धा पाठवायचा. आई त्यांना शेंगाची चटणी-भाकरी द्यायची आणि मराठी, कानडी, तेलुगू, हिंदुस्थानी, जी बोली लागेल तीत विचारत सुटायची. संक्रांतीला आमच्या घरात मुलांचा बाजार भरायचा. वडील म्हणायचे, "हे घर हाय का धर्मशाळा?" आणि स्वतःच एखाद्याला खांद्यावर घेऊन त्याच्या बापाच्या शोधात निघायचे.

शाळेत मला कुणी "ए हबशिणीची पोर" म्हटलं की मी वळून म्हणायची, "व्हय. तीच. काय काम हाय?"

दोन-तीन वर्षांनी मिशनच्या मडमबाईंच्या कानावर सगळं गेलं. विलायतेहून कुणी मोठे पाहुणे येणार होते. बाई घरी आल्या, आईला म्हणाल्या, "रविवारी देवळात तुम्ही तुमची साक्ष सांगा. आमच्या लोकांनी तुम्हाला कसं सोडवलं ते पाहुण्यांना ऐकू दे." आई म्हणाली, "सांगते की."

रविवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आई उभी राहिली. नवं लुगडं नेसली होती, त्याच विणकरांच्या मागावरचं, निळं, लाल काठाचं. दर संक्रांतीला तिकडून एक लुगडं यायचंच, नको म्हटलं तरी. ती बोलली थोडंच.

"गलबतातनं मला काढलं. त्या खलाशांचं उपकार मी इसरले न्हाय, रोज प्रार्थनेत त्यांची आठवन काढते. पर मला घरला कुनी न्हेलं न्हाय. माजी आय वाट बघून म्हातारी झाली असंल, मेली असंल. पोर सोडवायची म्हंजे चोराच्या हातातनं काढायची एवढंच न्हवं. तिच्या आईच्या पदरात न्हेऊन घालायची. तवा ती सुटली. देवानं मला ते एकदा करू दिलं, ह्याच गावात. तीच माजी साक्ष."

आणि बसली. पास्तरसाहेबांनी ते पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलं. किती सांगितलं, किती गाळलं, देव जाणे. पण मडमबाईंना मराठी चांगलं येत होतं. उपासना संपल्यावर त्या आईजवळ आल्या, तिचा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. आईनंच त्यांना म्हटलं, "चला बाई, चहा घ्यायाला. ऊन वाढलंय."

मी पुढं नर्सचं शिकले. मिरजेला होते तेव्हा मुली विचारायच्या, तू कुठली? मी म्हणायची सोलापूरची. मग माझ्या केसांकडं बघून विचारायच्या, मूळची? तेव्हा मी त्यांना बसवून सगळं सांगायची, तळं, जोंधळा, चावा घेऊन पळालेला मामा, सगळं. ऐकता ऐकता त्या आपलं मूळ गाव सांगायचं विसरून जायच्या.

त्या विणकरांच्या पोरीचं लग्न झालं तेव्हा मी रजा घेऊन आले होते. पेठेत मांडव, सनई, दारात केळीचे खांब. आई आता पन्नाशीची, केस पांढरे झालेले, पण उंची तेवढीच. तिला बायकांमध्ये पुढं बसवलं होतं. वऱ्हाड निजामाच्या मुलखातून आलं होतं, त्यांना काही ठाऊक नव्हतं. नवऱ्याच्या आत्यानं आईला खालून वर न्याहाळलं आणि नवरीच्या आजीला तेलुगूत विचारलं, "ही काळी बाई कोण?"

आजी फार म्हातारी झाली होती, ऐकू कमी यायचं, म्हणून मोठ्यानं बोलायची. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "मा इंटि मनिषि." आमच्या घरचं माणूस.

आत्यानं मान डोलावली आणि सरकून आईला आणखी जागा करून दिली. आईच्या पानात तेवढ्यात कुणीतरी दुसरा लाडू वाढला. ती नको-नको म्हणत होती आणि खातही होती.